स्पॅमची यादी सगळ्यांत मिळून ठेवायची तर काढायची सोय आधी करा

छोट्या ऑफिसात आजही प्रत्येकजण आपापल्या टेबलावर बसून स्पॅम ब्लॉक करत असतो. अकाउंट्सच्या मॅडम त्यांच्या आउटलुकमध्ये एक पत्ता ब्लॉक करतात, तीच मेल शेजारच्या टेबलावर जाते, तिथले सर ब्लॉक करतात, मग ती प्राचार्यांकडे जाते आणि प्राचार्य मला फोन करतात. मी सांगली-कोल्हापूरकडच्या काही पतसंस्था, कॉलेजं आणि एका छापखान्याचे मेल सर्व्हर बघतो, सगळे छोटेच, आणि या सगळ्यांची मिळून एक ब्लॅकलिस्ट आम्ही चालवतो. ती कशी चालवतो हे बरेच जण विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

आउटलुकमधली ब्लॉक्ड सेंडर्सची यादी टेक्स्ट फाइलमध्ये एक्स्पोर्ट होते आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर इम्पोर्ट होते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सुरुवात अशीच होते की ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची नाहीतर शेअर्ड फोल्डरला टाकायची आणि महिन्यातून एकदा सगळ्या मशीनवर फिरवायची. ही मेहनत बरीचशी वाया जाते, कारण फ्रॉममध्ये दिसणारा पत्ता पाठवणारा वाट्टेल तो लिहू शकतो आणि दर वेळी नवा लिहितो. त्याला सहज बदलता येत नाही ती गोष्ट म्हणजे आपल्या सर्व्हरशी जोडणी करणाऱ्या मशीनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता, कारण टीसीपीची, म्हणजे दोन्ही बाजूंनी होकार लागणारी, जोडणी खोट्या आयपीवरून पूर्णच होत नाही. म्हणून यादी आयपीची ठेवायची, त्याच्या जोडीला मेलमधल्या लिंकच्या डोमेनची, आणि ती माणसांच्या कॉम्प्युटरवर न ठेवता सर्व्हरच्या दारात ठेवायची, म्हणजे मेल आत यायच्या आधीच प्रश्न सुटतो.

आता मूळ अडचण म्हणजे ही यादी सगळ्या सर्व्हरना कशी द्यायची. याचं उत्तर १९९७ सालीच सापडलंय आणि ते इतकं चांगलं आहे की आजही तेच चालतंय. पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांच्या मॅप्स नावाच्या संस्थेनं आरबीएल ही स्पॅमवाल्या आयपींची यादी काढली तेव्हा ती आधी बीजीपीतून, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या पद्धतीनं, थेट राउटरना दिली जायची, म्हणजे यादीतल्या आयपीकडचा सगळाच ट्रॅफिक बंद व्हायचा, मेलच नाही तर सगळंच. थोड्याच दिवसांत तीच यादी डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून, द्यायला लागले आणि मग ती कुणालाही वापरता यायला लागली. प्रत्येक घरी यादीची प्रत पोचवण्याऐवजी चावडीवर एक फळा लावायचा, ज्याला शंका आहे त्यानं येऊन एक नाव बघून जायचं, असं ते आहे. समजा २०३.०.११३.४५ वरून जोडणी आली, तर सर्व्हर आकडे उलटे करून ४५.११३.०.२०३ च्या पुढे यादीचं डोमेन लावतो आणि डीएनएसला विचारतो. उत्तर १२७.०.०.२ वगैरे आलं तर नाव यादीत आहे, असं नावच नाही म्हणाला तर नाही. एक छोटासा प्रश्न (यूडीपी क्वेरी), उत्तर काही वेळ लक्षात राहतं (कॅश होतं), जगातल्या प्रत्येक सर्व्हरला डीएनएस आधीपासून येतंच. २०१० च्या आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे सगळं नीट लिहिलेलं आहे.

आमच्याकडे हेच लहान प्रमाणात आहे. एका व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) आरबीएलडीएनएसडी चालतो, हा फक्त ब्लॅकलिस्टचीच उत्तरं द्यायला बनवलेला हलका डीएनएस सर्व्हर आहे, साधी टेक्स्ट फाइल वाचतो आणि फाइल बदलली की स्वतःच परत लोड करतो, रीस्टार्टची भानगड नाही. मूळ फाइल गिटमध्ये आहे म्हणजे कुठली ओळ कुणी कधी टाकली हे कायम राहतं, तिथून आरसिंकनं दुसऱ्या एका मशीनवर कॉपी जाते म्हणजे एक बंद पडलं तरी यादी मिळते, आणि प्रत्येक संस्थेच्या सर्व्हरवर अनबाउंड हा डीएनएसला प्रश्न विचारणारा प्रोग्राम आहे, त्याला सांगितलंय की या यादीच्या झोनचे प्रश्न वायरगार्डच्या खाजगी जोडणीतून या दोन मशीनला विचार. बाहेरच्या जगाला यादी दिसत नाही. ज्यांच्याकडे आरस्पॅमडी हा स्पॅम गाळणारा प्रोग्राम आहे त्यांना एवढंही लागत नाही, त्याच्या मल्टिमॅपला एचटीटीपीवरच्या फाइलचा पत्ता दिला की तो स्वतः अधूनमधून बघून नवी यादी घेतो. दोन-तीनच सर्व्हर असतील तर मी हाच रस्ता सुचवेन.

पण हे सगळं तांत्रिक काम दोन संध्याकाळचं आहे हो, खरं काम पुढे आहे. यादी शेअर केली की चूकसुद्धा शेअर होते, आणि हे बहुतेक लोक यादी सुरू करताना लक्षातच घेत नाहीत. आमच्यातल्या एका संस्थेतून एकदा एका शेअर्ड होस्टिंगच्या सर्व्हरचा आयपी यादीत आला, तिथल्या एका हॅक झालेल्या वेबसाइटवरून खरंच स्पॅम येत होतं, म्हणजे टाकणाऱ्याचं म्हणणं बरोबरच होतं, पण त्याच आयपीवर एका कागदवाल्या व्यापाऱ्याचीही मेल होती आणि छापखान्याची कोटेशनं यायची थांबली. ज्यानं आयपी टाकला त्याला काहीच त्रास नाही, त्रास तिसऱ्यालाच, आणि त्याला कळणार कसं की ही ओळ कुठून आली? तेव्हापासून आमच्याकडे कारण, टाकणाऱ्याचं नाव, तारीख आणि मुदत नसलेली ओळ स्वीकारलीच जात नाही. एक छोटी स्क्रिप्ट मूळ फाइल वाचून आरबीएलडीएनएसडीची फाइल बनवते आणि मुदत संपलेली ओळ त्यात जातच नाही, आयपीला १४ दिवस, डोमेनला ९० दिवस. १४ दिवसांनी तोच आयपी परत स्पॅम पाठवायला लागला तर तो परत यादीत येईलच, त्यात आपलं काय बिघडतं, आणि त्या दिवसांत त्या होस्टिंगवाल्यानं घाण साफ केली असेल तर कुणालाही फोन न करता नाव आपोआप गेलेलं असतं. नाव टाकायला दोन जणांचा दुजोरा लागतो, काढायला कुठल्याही एका संस्थेनं सांगितलं की पुरे.

दुसरी गोष्ट म्हणजे रिजेक्ट करायचं, गुपचूप गिळायचं नाही. आरबीएलडीएनएसडीमध्ये प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिता येतं, पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर ते डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डमधून उचलतो आणि नकाराच्या ओळीत पाठवणाऱ्याला दाखवतो, म्हणून आमची स्वतःची यादी मी पोस्टफिक्सच्या एसएमटीपीडी या मेल स्वीकारणाऱ्या भागाच्या नियमात ठेवलीय आणि त्या कारणात आमचा फोन नंबर आहे. खरा माणूस असेल तर त्याला बाउन्स मिळतो आणि तो फोन करतो. मेल जंकमध्ये टाकली किंवा नुसतीच डिलीट केली तर त्याला वाटतं पोचली, इकडे कुणी बघत नाही, आणि मग दोघांत गैरसमज. व्यवहाराच्या मेलच्या बाबतीत हे फार वाईट आहे.

बाहेरच्या मोठ्या याद्या आम्ही वापरतोच, पण त्यांना एकेकटीला निर्णय देत नाही, पोस्टफिक्सच्या दारावरच्या पोस्टस्क्रीनमध्ये प्रत्येकीला वजन दिलंय आणि बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत गेली तरच नकार. फक्त स्पॅमहाउस या संस्थेच्या झेन या यादीला एकटीला पुरेल एवढं वजन आहे, इतक्या वर्षांच्या अनुभवानं तो विश्वास बसलाय.

परक्या यादीवर डोळे मिटून का बसू नये याची उदाहरणं इतिहासात भरपूर आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरसॉफ्टची यादी डीडॉस हल्ल्यांनी (असंख्य मशीनवरून एकदम होणाऱ्या माऱ्यानं) जेरीस आली आणि बंद होताना तिनं सरळ सगळं इंटरनेटच यादीत टाकलं, जे कोणी ती वापरत होते त्यांची सगळी मेल अडकली. जानेवारी २०२१ च्या शेवटी स्पॅमकॉपच्या डोमेनचं रिन्यूअल राहिलं, डोमेन पार्किंगवर गेलं, आणि पार्किंगवाला कुठल्याही नावाला स्वतःचा एक आयपी उत्तर म्हणून देतो, तेव्हा नुसतं 'उत्तर आलं म्हणजे यादीत आहे' असं समजणाऱ्या सर्व्हरनी चांगल्या मेलही परत पाठवल्या. यावर उपाय अगदी साधा आहे, पोस्टफिक्समध्ये यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन अपेक्षित उत्तर लिहायचं, १२७.०.०.२ आलं तरच ऐक, बाकी काहीही आलं तर दुर्लक्ष कर. एवढं केलेल्यांना त्या दिवशी काही झालं नाही.

हाच उपाय अजून एका ठिकाणी उपयोगी पडतो. स्पॅमहाउस ८.८.८.८ सारख्या पब्लिक डीएनएसमधून आलेल्या क्वेरीला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एररचा कोड देतं, आणि उत्तर न तपासणारा सर्व्हर त्यालाही स्पॅम समजून बसतो. एखाद्या नव्या ऑफिसात सगळीच मेल परत जायला लागली की मी आधी सर्व्हरवर डीएनएस कुठला टाकलाय ते बघतो. स्वतःचा रिझॉल्व्हर लावा, अनबाउंडला असं काय लागतं. आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, एक तपासणी ठेवा, आयपीच्या प्रत्येक यादीला रोज १२७.०.०.१ आणि १२७.०.०.२ विचारायचं, नियमाप्रमाणे पहिला यादीत कधीच नसायला हवा आणि दुसरा कायम असायला हवा. पहिला सापडला तर यादीनं जगाला अडवलंय, दुसरा सापडला नाही तर यादी मेलीय.

आपल्याकडे अजून एक वेगळी अडचण आहे, सीजीनॅट. मोबाइल आणि बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एका पब्लिक आयपीमागे खूप गिऱ्हाइकं असतात, त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की तो आयपी स्पॅमहाउसच्या एक्सबीएलमध्ये (व्हायरस शिरलेल्या मशीनच्या यादीत) जातो आणि बाकीचे निष्पाप लोक घाबरून मला विचारतात की आमचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये कसं आलं. तसंच स्पॅमहाउसच्याच पीबीएलचं, ती गुन्हेगारांची यादी नाहीच, ज्या आयपीवरून थेट मेल सर्व्हर चालणं अपेक्षित नाही अशा घरगुती रेंजची ती यादी आहे. तिथून मेल आपल्या प्रोव्हायडरच्या सर्व्हरमार्फत पासवर्ड देऊन पाठवली की काही अडत नाही. फक्त एक काळजी घ्या, या याद्या बाहेरून येणाऱ्या मेलच्या पोर्ट २५ वरच लावायच्या, आपलेच लोक लॉगिन करून ५८७ वरून पाठवतात तिथे लावल्या तर सुट्टीवर घरून काम करणारा पहिला अडकतो.

माणसांच्या वैयक्तिक यादीला मात्र आम्ही हात लावत नाही. कुणी एका नातेवाइकाला रोजच्या फॉरवर्डमुळे ब्लॉक केलेलं असतं, ते त्याच्या कॉम्प्युटरवरच राहू दे, ते सगळ्या संस्थांना कळायचं काही कारण नाही. सामायिक यादीत माणसाचा ईमेल पत्ता जातच नाही, फक्त आयपी आणि डोमेन. आयपी जमवायला ट्रॅप पत्ते ठेवलेत, वेबसाइटच्या पानात माणसाला न दिसणारे, तिथे मेल आली म्हणजे कुणीतरी पत्ते खरवडून नेलेत. रिटायर झालेल्यांचे पत्ते लगेच ट्रॅप करू नका, जुने विद्यार्थी कितीतरी दिवस त्यावर मनापासून लिहित असतात.

आयपीव्ही६ साठी, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीसाठी, एकेक पत्ता लिहू नका, पूर्ण /६४ ची, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटाची, ओळ टाका, एकेका गिऱ्हाइकाला सहसा निदान तेवढी रेंज मिळते आणि स्पॅमवाला दर मेलला नवा पत्ता वापरू शकतो. जीमेल किंवा मायक्रोसॉफ्टच्या आयपीला तर हात लावायचाच नाही, तिथून येणाऱ्या स्पॅमला लिंकच्या डोमेनवरूनच धरावं लागतं, त्यासाठी स्पॅमहाउसची डीबीएल आणि एसयूआरबीएल या डोमेनच्या याद्या आहेत, आणि आमची डोमेनची यादी सध्या त्याच कामासाठी सगळ्यात जास्त वाढतेय. कुणाकडे दोन-तीन संस्थांचे सर्व्हर असतील आणि असं काही सुरू करायचं असेल तर मुदतीची स्क्रिप्ट मी देईन, कॉमेंटमध्ये सांगा.