जादा वेळ नको, दुसरी खोली द्या

पहिल्या सेमिस्टरला माझ्या मुलीने स्टॅटिस्टिक्सचा पेपर अर्धा कोरा ठेवला. गणितं येत होती. पण डोक्यावरचा पंखा कुईकुई करत होता, आणि तो वाजत असताना तिच्या कानात दुसरं काही शिरत नाही. तिला ऑटिझम आहे. लहानपणी कुकरची शिट्टी झाली की ही पलंगाखाली.

आम्ही ठाण्याचे, कॉलेज नवी मुंबईत. ट्रान्स-हार्बर लोकलच्या प्रवासाची तिने हेडफोन लावून सवय केली. (दिव्यांगांच्या डब्यात ‘तुला काय झालंय?’ विचारणारे भेटतातच.) परीक्षेत हेडफोन कोण लावू देणार?

सवलत मागायला गेलो, तर कॉलेजने दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मागितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघतं. ऑनलाइन अर्ज, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. तिथल्या रांगेचा गोंगाट हीच तिची खरी परीक्षा होती.

कार्ड दाखवल्यावर परीक्षा विभागातल्या मॅडम म्हणाल्या, “तासाला वीस मिनिटं जादा मिळतील.” अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटं! मी पेढे घेऊन घरी आलो. मुलगी म्हणाली, “बाबा, म्हणजे त्या पंख्याखाली आणखी पन्नास मिनिटं?”

पुन्हा गेलो. “वेगळ्या खोलीसाठी सुपरवायझर कुठून आणू?” मॅडमचंही चुकत नव्हतं. मी दोन पानी अर्ज दिला, त्यात तिचे कष्ट, आमची धावपळ, सगळं होतं. तो फायलीत गेला. मग तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी सांगितलं, भावना नको, वस्तू लिहा. दुसरा अर्ज मुलीनेच लिहिला, पाच ओळींचा: जिन्यापासून लांबची खोली. पंखा बंद चालेल. ट्यूबऐवजी खिडकीचा उजेड. कानात फोमचे बोळे, हवे तर तपासा. सूचना फळ्यावर लिहून द्या.

हा मात्र आठवड्यात मंजूर झाला. लायब्ररीमागची जुन्या जर्नल्सची खोली मिळाली, आणि तिथे जादा वेळ घ्यायला मुलीची हरकत उरली नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती बिनपंख्याची घामाने निथळत बसली, पण पेपर पूर्ण सोडवला.

फक्त कॉलेजची घंटा नेमकी त्याच दाराबाहेर टांगलेली. आता शिपाईमामा टोला द्यायच्या आधी दारात येतात आणि तिला पाच बोटं दाखवतात. ती पेन ठेवून कान झाकते.