मीटर म्हणाला ५.२, हातोडी म्हणाली नाही

टिड जातीची वाफेची टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट, सुक्या गोदीत उभी राहिली, की नजर आधी जाते ती बगल आणि तळ मिळतात त्या कडेवर. इतर बोटींना तिथे गोलाई असते, हिला धारदार कोन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे जहाज-कारखाने कामाने तुडुंब होते, म्हणून हिचे आठ तुकडे जहाजबांधणी कधी न केलेल्या कारखान्यांकडून करून घेतले. पत्र्याला दुहेरी बाक द्यायचं कसब तिथे नव्हतं, म्हणून आराखड्यातच सगळे पत्रे एकाच दिशेने वळणारे ठेवले. तुकडे लॉरीने यार्डात यायचे, बरेचसे यॉर्कशरमधल्या थॉर्नला, रिचर्ड डन्स्टनकडे, आणि तिथे वेल्डिंगने जोडले जायचे. १९४३ ते १९४६ या काळात अशा १८२ टग झाल्या. लांबी ७४ फूट, कंपाउंड (वाफ दोन टप्प्यांत वापरणारं) इंजिन, २२० अश्वशक्ती. मला हा आराखडा फार हुशारीचा वाटतो.

त्या दिवशी काम होतं तळाची जाडी मोजायचं. खडूने चौकोन आखले, प्रत्येक जागी रंग खरवडला, जेल लावून अल्ट्रासॉनिक मीटर, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून जाडी सांगणारा, टेकवला. आकडे सहाच्या आसपास, बॉयलरखाली ५.२ मि.मी. कागदावर सगळं ठीक. पण हातोडी मारली तर शेजारचा पत्रा ‘ठण्ण’ वाजत होता आणि हा ‘धप्प’. म्हणजे पत्रा पातळ झाल्याची शंका.

कोळशाच्या बोटीत बॉयलरखालची जागा सगळ्यात वाईट. ओली राख आणि कोळशाची भुकटी तिथे साचते, त्यातल्या गंधकाने पाणी आम्लधर्मी होतं, आणि बॉयलर इतका खाली बसवलेला की रंगाचा ब्रश आत पोचतच नाही. त्यामुळे ‘धप्प’ आवाज आतल्या गंजाच्या थराचाही असू शकला असता. म्हणून मीटरला जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब (पत्र्याला टेकवायचा भाग) लावला: २.६. आधीचा प्रोब ३ मि.मी.पेक्षा पातळ पत्र्यासाठी नव्हताच. अशा मर्यादेखाली तो पहिला प्रतिध्वनी चुकवून दुप्पट आकडा दाखवू शकतो, आणि ५.२ हा नेमका दुप्पट. खात्रीसाठी भोक पाडून कॅलिपरने मोजलं. २.६ च.

वरून डबलर, म्हणजे जुन्यावरच आणखी एक पत्रा, मारायचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानू नये. मधल्या फटीत ओल राहते, जुना पत्रा आत गंजतच जातो, आणि पुढच्या वेळी मीटर फक्त डबलर मोजतो. खराब भाग कापूनच काढावा: नवा तुकडा किमान ३०० मि.मी. चौरस, कोपऱ्यांना १०० मि.मी. त्रिज्येची गोलाई. चौकोनी कोपरा ठेवला तर तिथूनच तडा जातो. जुन्या पोलादात गंधक जास्त असू शकतं, म्हणून वेल्डिंगला लो-हायड्रोजन (हायड्रोजन कमी सोडणारे) रॉड, तेही भट्टीतून गरम काढलेले.

कापलेल्या भागाला लागूनच त्या आठपैकी दोन तुकड्यांचा मूळ सांधा होता. तो घासून पाहिला. एकही खड्डा नव्हता, हातोडीलाही स्वच्छ वाजला. नवा पत्रा त्याला न छेडता बसवला.