जूनचा हप्ता

१५ जून

आज एस्टिमेटेड टॅक्सचा, म्हणजे फ्रीलान्स कमाईवर वर्षातून चार वेळा स्वतःच भरायच्या कराचा, दुसरा हप्ता भरला. आयआरएसच्या (अमेरिकेचं कर खातं) डायरेक्ट पे या ऑनलाइन सोयीवर कारण निवडलं, याच हप्त्यांसाठीचा फॉर्म १०४०-ईएस निवडला, वर्ष दोनदा तपासलं. ओळख पटवायला ते जुन्या रिटर्नवरचा तपशील विचारतात, म्हणून तो कागद शेजारीच ठेवला होता. शेवटी कन्फर्मेशन नंबर आला, तो वहीत उतरवून ठेवला.

जून जड जातो. पहिला हप्ता १५ एप्रिलला, जानेवारी ते मार्चच्या कमाईवरचा. तो भरून जरा श्वास घ्यावा तोच १५ जून येतो आणि एप्रिल-मे अशा दोनच महिन्यांचा हिशेब मागतो. मग १५ सप्टेंबरला जून ते ऑगस्टचा, आणि उरलेल्या चार महिन्यांचा थेट पुढच्या १५ जानेवारीला. मी राहते त्या कॅलिफोर्नियाच्या राज्य कराचं तर आणखी वेगळं: एप्रिलला ३० टक्के, जूनला ४०, सप्टेंबरला काहीच नाही, जानेवारीला ३०. म्हणजे इथे राहणाऱ्याला वर्षातला सगळ्यात मोठा राज्याचा हप्ता नेमका आजच. नव्याने फ्रीलान्सिंग सुरू करणाऱ्याला हे कुणीतरी जानेवारीतच सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

नोकरीत कर माझ्या हातात कधी आलाच नव्हता. पगार जमा व्हायचा तो कापूनच, आणि जमा झालेली रक्कम तेवढी आपली. आता पुस्तकातल्या चित्रांचं बिल पाठवते आणि बिलातला प्रत्येक डॉलर खात्यात येतो. त्यातला मोठा वाटा माझा नसतो, ही समज अंगात मुरायला वेळ लागतो. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांच्या कराचा निम्मा भार आधी मालक उचलत होता, आता दोन्ही बाजू माझ्याच. खर्च वजा करून १०,००० डॉलर उरले, तर त्यातल्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे साधारण १,४१३ डॉलर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स; या दोन्ही बाजू मिळून त्याचं हे नाव. इन्कम टॅक्स त्यावर निराळा. त्यातल्या त्यात बरं इतकंच, की या १,४१३ मधले निम्मे इन्कम टॅक्सच्या हिशेबात उत्पन्नातून वजा होतात.

म्हणून बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी ३० टक्के दुसऱ्या खात्यात टाकते. हा आकडा माझ्यापुरता. प्रत्येकाचा वेगळा निघेल. पण त्याच दिवशी टाकणं महत्त्वाचं. आठवडाभर ते पैसे डोळ्यांसमोर राहिले की मन त्यांचे बेत आखायला लागतं.

सगळ्यात अवघड होतं ते वर्षभराची कमाई आधीच सांगणं. मार्चमध्ये दोन पुस्तकं हातात होती, मे जवळजवळ कोरडा गेला. ऑक्टोबरात काम असेल का, हे आज कसं सांगणार? इथे सेफ हार्बरच्या नियमाने मला खरा आधार दिला. गेल्या वर्षीच्या रिटर्नवर एकूण जितका कर होता, तितका यंदा वेळेवर चार समान हप्त्यांत भरला, तर यंदा कितीही कमावलं तरी कमी भरल्याचा दंड नाही. गेल्या वर्षीचं समायोजित उत्पन्न (ठरावीक वजावटी काढून उरलेलं) १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर मात्र ११० टक्के भरावे लागतात. दुसरी वाट म्हणजे यंदाच्या कराचे ९० टक्के. कमाई खूप घटणार असेल तर ती स्वस्त पडते, पण तिच्यासाठी भविष्य माहीत असावं लागतं. मी माहीत असलेला आकडा धरला. जास्तीचा कर निघालाच तर तो एप्रिलमध्ये रिटर्नसोबत भरायचा आहेच, त्यासाठी ते दुसरं खातं आहे.

दंड म्हणजे प्रत्यक्षात व्याजच, आणि ते प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात. जूनचा चुकला आणि सप्टेंबरला दुप्पट भरला, तरी मधल्या तीन महिन्यांचं व्याज लागतंच. ज्यांची कमाई वर्षाच्या शेवटी एकदम येते त्यांच्यासाठी दंडाचा हिशेब करायच्या फॉर्म २२१० मध्ये प्रत्यक्ष कमाईनुसार हप्ते मांडायची सोय आहे. काम किचकट आहे, पण हंगामी काम करणाऱ्यांनी ते जरूर करावं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अगं, त्यापेक्षा मी माझा डब्ल्यू-४ बदलतो. माझ्याच पगारातून जास्त कापू देत, तुझी कटकट मिटेल." डब्ल्यू-४ म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म. आमचं रिटर्न एकत्र असल्यामुळे हे चालतं, आणि पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरल्यासारखा धरतात. अगदी डिसेंबरात कापला तरी मागच्या हप्त्यांची तूट भरून निघते. माहिती सोन्यासारखी आहे. तरीही मी नको म्हटलं. माझ्या कामाचा कर माझ्या कामाच्या पैशातून जावा, निदान या पहिल्या वर्षी. काम खरंच किती देतं हे मला त्याशिवाय कळणार नाही, आणि पुढच्या पुस्तकाचा दर सांगताना तेच कळायला हवं आहे. नोव्हेंबरात हिशेब पुन्हा मांडू. तूट दिसली तर डब्ल्यू-४ बदलायला तेव्हाही वेळ असेल, असं आमचं ठरलं.