आर्सेनलवाल्याने स्पर्सचा रिपोर्ट लिहायचा म्हणजे... (माझा अनुभव)

आमच्या पुण्यातल्या आर्सेनलवाल्यांच्या (म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या आर्सेनल या फुटबॉल टीमच्या फॅन्सच्या) कंपूत दर जुलैला लीगमधल्या टीमच्या चिठ्ठ्या काढतात. ज्याला जी टीम येईल तिचा येत्या सीझनचा रिपोर्ट त्याने लिहायचा, ऑगस्टमधल्या एका रविवारी सगळ्यांसमोर मांडायचा, शेवटी ती टीम कितवी येणार तो एक आकडा द्यायचा आणि पहिली मॅच सुरू व्हायच्या आत तो आकडा लॉक. यातला सगळ्यात बेक्कार नियम म्हणजे त्या टीमच्या एका खऱ्या फॅनची रिपोर्टवर सही आणायची. हा नियम उगाच नाही आला. आधी काय व्हायचं, ज्याला लिव्हरपूल येईल तो लिहायचा क्लॉप गेला, सलाहचं वय झालं, नवा मॅनेजर नवखा, सहावे येतील, आणि मग त्यांनी २०२४-२५ ची लीग आरामात मारली आणि सलाहने एकट्याने २९ गोल केले. म्हणून ठरलं की मनातलं लिहायचं नाही, समोरच्याला पटेल असं लिहायचं.

२०२५ ला माझ्या चिठ्ठीत टॉटनहॅम निघाली, म्हणजेच स्पर्स, आमचे जुने वैरी. सगळे हसले. सोपं काम आहे की तुझं, सतरावे आले होते, लिही अठरावे आणि मोकळा हो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आर्सेनल मुळात साउथ लंडनची, १९१३ ला हायबरीला म्हणजे स्पर्सच्या अंगणात राहायला आली, आणि १९१९ ला पहिली डिव्हिजन वाढवली तेव्हा स्पर्स खाली गेले आणि आर्सेनल मतांवर वर आली, तेव्हापासून जे सुरू आहे ते सुरू आहे. आम्ही दोनदा, १९७१ आणि २००४ ला, त्यांच्याच मैदानावर लीग जिंकलोय. पण २०१७ ते २०२२ सलग सहा सीझन ते आमच्या वर होते हे आमच्या कंपूत कुणी उच्चारत नाही. मी रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ते टाकलं, मुद्दाम.

सहीसाठी स्पर्सचा फॅन शोधायला मला लांब जावं लागलं नाही, बायकोचा धाकटा भाऊच आहे. चिंचवडला राहतो, एका कंपनीत डिझाइनला आहे, आणि सॉन या कोरियन खेळाडूमुळे स्पर्सचा झाला. मला दाजी म्हणतो, एरवी फार मान देतो, फुटबॉल निघालं की अजिबात देत नाही.

मी आधी टेबल उघडलं. ३८ मॅचेस, ११ जिंकल्या, ५ ड्रॉ, २२ हरल्या, ३८ पॉइंट, सतरावे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, यावरच सगळे मीम बनले. पण शेजारचा कॉलम कुणी बघितलाच नव्हता. गोल केले ६४ आणि खाल्ले ६५. म्हणजे फरक उणे एक, आणि हे सतराव्या नंबरच्या टीमचं! दुसऱ्या नंबरवर आलेल्या आर्सेनलने किती केले होते, ६९. आमच्याहून पाचच गोल कमी करणारी टीम सतरावी येते तेव्हा ती वाईट आहे असं म्हणून चालत नाही, काहीतरी वेगळंच बिघडलेलं असतं. पंधराव्या आलेल्या मँचेस्टर युनायटेडचे ४४ गोल होते, ते खरे मेलेले.

मग एकेक मॅच बघत बसलो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे लोक घरच्या मैदानावर इप्सविचकडून २-१ हरले, तोपर्यंत इप्सविचने लीगमध्ये एकही मॅच जिंकली नव्हती, आणि त्याच्या पुढचीच लीग मॅच मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन ४-० मारली. ब्रायटनकडे २-० पुढे होते आणि ३-२ हरले. साउदॅम्प्टनला पाच, एव्हर्टनला चार, युनायटेडला त्यांच्याच घरी तीन. जिंकले की धो धो आणि हरले की थोडक्यात, असं बऱ्याचदा दिसत होतं, आणि थोडक्यात हरणं हे नव्या मॅनेजरला दुरुस्त करता येतं, हा माझ्या रिपोर्टचा पहिला मुद्दा झाला.

दुसरा मुद्दा इंज्युरी. हे आम्ही नेहमी बहाणा म्हणून उडवून लावतो, आपल्या टीमचं असेल तर दुर्दैव आणि त्यांचं असेल तर रडगाणं. पण मागे खेळणारे व्हॅन डे व्हेन आणि रोमेरो दोघेही महिनोनमहिने बाहेर, गोलकीपर विकारियोचा त्या सिटीच्या मॅचमध्येच घोटा मोडला (आणि तो पठ्ठ्या पूर्ण मॅच खेळला!), आणि सेंटर बॅकला कोण तर आर्ची ग्रे, अठरा वर्षांचा मिडफिल्डर. त्यांचा तेव्हाचा मॅनेजर पोस्टेकोग्लूची डिफेन्स लाइन हाफवे लाइनला उभी, मागे मोकळं रान, आणि ते रान राखायला व्हॅन डे व्हेनसारखा पळणारा नाही. गोल खाणारच की. त्यात शेवटचे दोन-तीन महिने त्यांनी लीग सोडून दिली आणि सगळा जीव युरोपा लीगमध्ये (युरोपातल्या क्लबची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) लावला.

आणि ती जिंकली, हेच तर दुखणं आहे. २१ मे, बिलबाओ, युनायटेडला १-०, ब्रेनन जॉन्सनचा तो कुठेतरी लागून गेलेला गोल. आम्ही त्या रात्री कर्वेनगरला एकाच्या घरी होतो, दोन्ही टीम हरू देत अशी प्रार्थना करत, ती काही सोय फायनलला नसते. २००८ नंतरची त्यांची पहिली ट्रॉफी. पोस्टेकोग्लू सप्टेंबरमध्येच म्हणाला होता की मी नेहमी दुसऱ्या वर्षी काहीतरी जिंकतो, तेव्हा आम्ही हसलो होतो कारण नुकतेच आमच्या गॅब्रिएलच्या हेडरवर त्यांना त्यांच्या घरी हरवून आलो होतो. आणि तोवरची आमची शेवटची ट्रॉफी २०२० चा एफए कप, कम्युनिटी शील्ड मोजत नसाल तर. मी तरी मोजत नाही.

जूनमध्ये त्यांनी पोस्टेकोग्लूला काढला आणि ब्रेंटफर्डचा थॉमस फ्रँक आणला. माझा सगळ्यात जास्त वेळ या माणसावर गेला. कंपूत फ्रँकबद्दल मत काय तर छोट्या टीमचा मॅनेजर, लांब थ्रो आणि लांब बॉल, संपलं. ब्रेंटफर्डचे चार प्रीमियर लीग सीझन घेतले तर पॉइंट असे, ४६, ५९, ३९, ५६, नंबर तेरावा, नववा, सोळावा, दहावा. एक घसरलेलं वर्ष आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण २०२४ ला आयव्हन टोनी विकला आणि त्याच सीझनला म्बेमोने २० आणि विसाने १९ गोल मारले. म्हणजे हातात जे आहे त्यातून काढणारा माणूस. आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक वगैरे! आपण आर्सेनलवाले कॉर्नरवर एवढे माजलोय ना, तो आपला सेट पीस कोच निकोलस जोव्हर आधी ब्रेंटफर्डलाच होता. स्पर्सने त्या उन्हाळ्यात सेट पीससाठी घेतलेला अँड्रियास जॉर्जसन तर ब्रेंटफर्ड आणि आर्सेनल दोन्हीकडे राहून गेलाय. ब्रेंटफर्डने २०२४ च्या सप्टेंबरात सलग तीन लीग मॅचेसमध्ये पहिल्याच मिनिटात गोल केले होते, त्यातला एक स्पर्सवर, २३ सेकंदांत. हे काही नशिबाने होत नाही. सलग तीनदा तर नाहीच.

माझं म्हणणं झालं की फ्रँक पहिलं काम मागचं दार बंद करायचं करेल, ६५ चे पन्नासच्या आत आणेल, आणि एवढ्यानेच ते टेबलमध्ये वर सरकतील.

मग पुढे अडलो. गोल कोण बनवणार? कुलुसेव्हस्कीचा मे महिन्यातच गुडघा गेलेला. कुडुस वेस्ट हॅमकडून घेतला, साडेपाच कोटी पाउंडाला, चांगला आहे, पण तो बॉल घेऊन अंगावर जाणारा, पास काढून देणारा नाही. नॉटिंगहॅमच्या गिब्ज-व्हाइटचं जवळजवळ ठरलं म्हणत होते तोवर त्याने फॉरेस्टबरोबरच नवा करार केला. उरला मॅडिसन, तर ३ ऑगस्टला सोलमधल्या फ्रेंडलीत त्याचाही गुडघा गेला. तीच मॅच सॉनची शेवटची. ४५४ मॅचेस, १७३ गोल, आणि तिथून थेट लॉस एंजेलिस. मी हे फोनवर मेहुण्याला सांत्वन म्हणून बोललो तर म्हणाला, दाजी आज नको. बरं म्हटलं आणि ठेवला.

मधेच ३१ जुलैला हाँगकाँगला आर्सेनल-स्पर्स फ्रेंडली झाली. गुरुवार, आपल्याकडे संध्याकाळचे पाच, बाणेरच्या ऑफिसातून निघणाऱ्या कॅबमध्ये फोनवर बघितली, बाहेर पाऊस आणि युनिव्हर्सिटी चौकात नेहमीचं ठप्प, त्यामुळे सगळी मॅच बघून झाली. पापे सारने हाफवे लाइनवरून बॉल टाकला आणि आपल्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत. १-०. कंपूत सगळे म्हणाले फ्रेंडली आहे सोड. मी मात्र दुसरंच लिहून घेतलं, की त्यांचा एकेक कॉर्नर आपल्या गोलच्या तोंडावर येऊन पडत होता आणि आपण गडबडत होतो.

एक अवांतर. त्याच जुलैत आपल्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) आयोजकांनी क्लबना कळवलं होतं की पुढचा सीझन सध्या थांबवलाय. आमच्यातला एक जण अजून एफसी पुणे सिटीची जर्सी घालून टर्फवर येतो, बालेवाडीला फ्रान्सच्या त्रेझेगेला खेळताना बघितलेला माणूस, २०१९ मध्ये ती टीमच बंद पडली. तो म्हणाला, तुम्ही लंडनच्या टीमचा गुडघा तपासताय, मला रायव्हल तर सोडाच, टीमच उरली नाही. आमच्यातल्या कोल्हापूरकराने त्याला शाहू स्टेडियमला चल म्हणून सांगितलं, तिथे पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असेल तेव्हा असले रिपोर्ट कट्ट्या-कट्ट्यावर तोंडी होतात आणि सहीबिही कुणी मागत नाही.

राखीपौर्णिमेला मेहुणा घरी आला. ओवाळून झालं, नारळीभात झाला, आणि मी कागद पुढे केले. बायको म्हणाली आजच्या दिवशी तरी. त्याने शांतपणे सगळं वाचलं आणि पेन मागितला. पहिलं, सतरावे हा शब्द युरोपा लीगच्या आधी आलाय तो नंतर घ्या. घेतला. दुसरं, युरोपा जिंकल्यामुळे मिळालेल्या चॅम्पियन्स लीगच्या आठ मॅचेस तुम्ही ओझं म्हणून लिहिल्यात, ते ओझं तुमच्यावरही आहे, मग फक्त आम्हालाच का मोजताय? मी म्हटलं आमच्याकडे बाकावर माणसं आहेत. त्यावर थोडा विचार करून मान हलवली. मग शेवटच्या पानावर गेला. मी आकडा टाकला होता नववे, पंचावन्नच्या आसपास पॉइंट.

"नववे? दाजी, जास्त होतंय. बारावे लिहा."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. म्हणाला, गोल बनवणारा एकही माणूस नाही हे तुम्हीच लिहिलंय ना, मग मागून कितीही बंद केलं तरी ०-० ने कोण वर जातं, आणि घरचं मैदान बघा तुम्ही, तिथे लोक दहाव्या मिनिटाला वैतागतात, फ्रँकला एवढा धीर कोण देणार. हा घरच्या मैदानाचा मुद्दा माझ्या कागदांत कुठेच नव्हता. आकडेवारीत तो सापडलाही नसता, रोज त्या टीमबरोबर झुरणाऱ्यालाच तो माहीत असतो. मी तो त्याच्या शब्दांत तसाच घातला, आकडा मात्र नऊच ठेवला, आणि त्याने सही करून खाली लिहिलं, "लेखक आशावादी आहे."

दुसऱ्या दिवशी कर्वेनगरला मांडणी. शिव्या अपेक्षेप्रमाणे पडल्या, स्पर्सचा वकील वगैरे, तपशील सोडून देतो. सगळ्यात जास्त आरडाओरडा ६४ आणि ६९ वर झाला, दोघांनी तिथल्या तिथे फोन काढून तपासलं आणि गप्प बसले. कंपूचा सरासरी अंदाज चौदावा निघाला.

लॉक १५ ऑगस्टला. त्याच्या आदल्या दिवशी रात्री साडेबाराला सुपर कप होता (चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग जिंकणाऱ्यांची मॅच), पॅरिसच्या पीएसजीविरुद्ध, आणि फ्रँकने तीन सेंटर बॅक लावले, व्हॅन डे व्हेन आणि रोमेरो दोघांचे गोल, दोन्ही फ्री किकवरून. ८५ व्या मिनिटापर्यंत २-० पुढे, मग २-२, मग पेनल्टीवर हरले. माझे दोन्ही मुद्दे एकाच मॅचमध्ये: मागून आणि सेट पीसवर भक्कम, आणि पुढे बॉल टिकवायला कुणी नाही. आकडा बदलायची मुभा होती. नाही बदलला.

लॉकनंतर आठवड्याभरात एझे प्रकरण झालं. क्रिस्टल पॅलेसचा एझे स्पर्सला जाणार हे जवळपास ठरलेलं, म्हणजे माझ्या रिपोर्टमधलं ते भलंमोठं भोक बुजणार होतं, आणि ऐनवेळी आर्सेनल मध्ये पडली आणि तो लहानपणीच्या क्लबला परत आला. कंपूत दिवाळी. मला दोन जणांनी सांगितलं आता तरी अकरावे कर, पण लॉक म्हणजे लॉक.

आणि मग २३ ऑगस्टचा शनिवार. पाच वाजता स्पर्स सिटीच्या घरी २-० जिंकले, रात्री दहाला आम्ही लीड्सला पाच मारले. दोन मॅचेस झाल्यावर टेबलमध्ये आर्सेनल पहिली आणि स्पर्स दुसरी, त्यांनी तोवर एकही गोल खाल्लेला नव्हता. मेहुण्याने टेबलचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त एवढंच, "दाजी, बारावे कोण म्हणालं होतं हो?"

सही आहे तुझी, म्हटलं. फोटो काढून ठेवलाय.