रे रोडला उतरतं तरी कोण?

घर घोडपदेवला, नोकरी बेलापूरला. त्यामुळे ऑफिसात कुणी नवीन आलं की दोन-चार दिवसांत प्रश्न ठरलेला: "तुम्ही रे रोडला चढता? तिथे चढतं-उतरतं तरी कोण? स्टेशन काढलंच कशाला?" विचारणाऱ्याचाही दोष नाही. मुंबईच्या हार्बर लाइनवर फास्ट लोकल नसते, प्रत्येक गाडी रे रोडला थांबते, आणि वाशीहून सीएसएमटीकडे लटकत निघालेल्या माणसाला तो थांबा म्हणजे फुकटचा वेळ वाटतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लाइन आली ती मालासाठी. माणसांची सोय हा नंतरचा हिशेब.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंदराचा पसारा वाढत होता आणि पोर्ट ट्रस्टला जागा पुरत नव्हती. मग 1908 ते 1912 या काळात माझगावपासून शिवडीपर्यंत समुद्रात भराव टाकून 583 एकर जमीन तयार केली. धान्य, कापूस, कोळसा ठेवायला जागा झाली, पण तो माल देशभरात न्यायचा आणि देशभरातला इथे आणायचा तर रूळ हवेत. डिसेंबर 1910 मध्ये जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, कुर्ल्याहून इथवर हार्बर ब्रँच सुरू केली. इथवर म्हणजे रे रोडपर्यंतच. आज ज्या स्टेशनात तुम्ही मोबाइलमधून मानही वर काढत नाही, ते चौदा वर्षं टर्मिनस होतं! रूळ इथे संपायचे. बोरीबंदर गाठायचं तर पुढचं ज्याचं त्याने बघायचं. 1915 साली पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत स्वतःची रेल्वेही सुरू केली. माल असा थेट धक्क्यावरून निघू लागला, प्रवाशाची गाडी मात्र अजून रे रोडलाच अडलेली.

ती पुढे गेली 1925 मध्ये. डॉकयार्ड रोडवरून रूळ वर चढवले, सँडहर्स्ट रोडला मेन लाइनच्या डोक्यावरून नेले आणि व्हीटीला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, जोडले. 3 फेब्रुवारी 1925 ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी सुटली, ती याच रस्त्याने, रे रोडवरून. लोकांना पहिली रेल्वे म्हटलं की बोरीबंदर-ठाणे तोंडपाठ असतं, हे कुणाला ठाऊक नसतं. त्या गाडीची वीज 1500 व्होल्ट डीसी. पुढे एकेक मार्ग 25 हजार व्होल्ट एसीवर गेला आणि डीसी मागे उरली ती पुन्हा हार्बरवरच. एप्रिल 2016 मध्ये शेवटची डीसी लोकल धावली तीही इथूनच. म्हणजे सुरुवातही आमच्या लाइनवर आणि शेवटही.

आता, उतरतं कोण? पूर्वेला उतरा आणि बघा. लकडी बंदर, कौला बंदर, पावडर बंदर, दारुखाना. लोखंडाची दुकानं, पत्रा, पाइप, साखळदंड, जहाजातून काढलेले पंखे आणि दिवे. सकाळी दहाला माथाडी हातगाडीवर लांबलचक सळ्या घालून वळण घेतो, तेव्हा गाडीच्या मागे तीन हात बाहेर आलेलं लोखंड रस्ताभर फिरतं आणि दोन्हीकडची वाहतूक गुपचूप थांबते. ट्रॅफिक पोलिसालाही एवढा मान मिळत नाही. इथे जुनी जहाजं तोडतात. 1971 च्या युद्धात लढलेली आपली विमानवाहू 'विक्रांत'सुद्धा 2014 मध्ये इथेच, दारुखान्यात, गॅस कटरखाली गेली. तिच्यातलं थोडं पोलाद पुढे बजाजने मोटरसायकलसाठी वापरलं. बाकीचं कुठे गेलं ते भंगारवालाच जाणे. तिचं म्युझियम व्हावं म्हणून बरीच वर्षं बोलणी चालली होती. मला विचाराल तर आपण बोलण्यात फार वेळ घालवतो.

पश्चिमेला आम्ही. घोडपदेवच्या चाळी, न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या इमारती. सकाळी आमची गाडी गर्दीच्या उलट दिशेची, पनवेलकडची, त्यामुळे बसायला मिळतं. हे गुपित मी ऑफिसात फार पसरवत नाही.

स्टेशनची दगडी इमारत हेरिटेज यादीत ग्रेड वन आहे, म्हणजे सीएसएमटी, वांद्रे, भायखळा यांच्या पंक्तीला. शेजारचा ब्रिटिशकालीन पूल पाडून तिथे केबल-स्टेड, म्हणजे तारांनी तोललेला, पूल बांधला, तो मे 2025 मध्ये खुला झाला. लोक त्याचे फोटो काढतात. स्टेशनाचा फोटो काढताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

राहिलं नाव. लॉर्ड रे हे 1885 ते 1890 मुंबईचे गव्हर्नर. 1888 मध्ये त्यांच्या सरकारने आर्थर क्रॉफर्ड या बड्या अधिकाऱ्यावर लाचखोरीची चौकशी लावली. त्यात लाच दिल्याचं कबूल करणारे मामलेदार भरडले गेले आणि टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुण्याची मंडई पूर्वी रे मार्केट होती. पुणे नगरपालिकेत सदस्य असताना तिच्यावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केटही आता फुल्यांच्याच नावाचं. चौकशी लावणारा आणि ज्याच्यावर लागली तो, दोघांच्याही मंडया एकाच माणसाकडे गेल्या.

रोड मात्र रे साहेबांकडेच राहिला. 2024 च्या जुलैत विधिमंडळाने मुंबईतल्या सात स्टेशनांची नावं बदलायचा ठराव केला. आमच्या एका बाजूचं कॉटन ग्रीन काळाचौकी होणार, दुसऱ्या बाजूचं डॉकयार्ड रोड माझगाव. मधलं रे रोड यादीतच नाही. इंग्रजांवर प्रेम म्हणून ते सुटलं असं मला वाटत नाही. यादी करणारेही बहुधा मोबाइलमध्ये मान घालूनच इथून गेले असावेत.