पाचव्या दिवशी दुकान का उघडलं

दुकानात सुट्टे पैसे घेता घेता विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, एकदा तर रंकाळ्यावर फिरताना मागून गाठून विचारलंत. "अण्णा, राग मानू नका, पण पोरगं गेलं आणि पाचव्या दिवशी तुमचं दुकान उघडं. कसं काय जमलं ओ?" कुणाच्या आवाजात कौतुक असतं, कुणाला माप काढायचं असतं. नऊ वर्षं "पोट कुणाला चुकलंय?" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. महिनाभर शटर उघडलं नसतं तरी आम्ही उपाशी राहिलो नसतो.

तिसऱ्या दिवसापासून सांगायला लागेल.

पंचगंगेच्या स्मशानात महापालिका पैसे घेत नाही, जाळायच्या शेणी गावही देतं. होळी लहान करून आमच्या गल्लीतूनही शेणी जातात, टेम्पोत मीच भरून दिल्यात. रक्षा सावडताना हेच डोक्यात घोळत होतं, का कुणास ठाऊक. मग नैवेद्य मांडला. त्यात हिनं पहाटे केलेलं थालीपीठ होतं, लोण्यासकट. आम्ही पंचवीस-तीस माणसं मागं सरून उभे राहिलो. कावळे होते. भिंतीवर, पत्र्यावर. एकही खाली उतरेना.

म्हातारं माणूस असलं की सोपं जातं. नातीचं लग्न करतो, म्हातारीला अंतर देत नाही, असं कबूल करायचं. सतरा वर्षांच्या पोराला काय कबूल करणार? त्याचा मामा म्हणाला, "बहिणीला शिकवतो म्हणा." म्हटलं. कुणीतरी गाडीचं सुचवलं. लाज सोडून तेही म्हटलं, गाडी घेतो रे बाळा. "अजून काय राहिलंय बघा, आठवा." मला आठवायची गरजच नव्हती. बारावीचं वर्ष म्हणून त्याचे फुटबॉलचे बूट मी काढून घेतले होते आणि दुकानाच्या माळ्यावर चहाच्या रिकाम्या खोक्यात टाकले होते. पेठेतली पोरं गांधी मैदानावर सरावाला निघाली की हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. "परीक्षा झाल्यावर देतो," एवढंच मी बोललो होतो. तिथं तेवढंच म्हणायचं होतं, बूट देतो. नाही म्हटलं. माणसांची लाज वाटली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण लाजेचं काय, गाडीचं म्हणताना कुठं वाटली? म्हटलं आणि कावळा खरंच शिवला तर, ही भीती होती.

पाऊण तासानं नैवेद्य गाईला घातला. घरी आलो तर ही दारातच.

"शिवला?"

"लगेच," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी पहाटे मी ते बूट काढायला दुकानात गेलो. घाटावर नेऊन ठेवायचे होते. शटर अर्धं वर केलं, तेवढ्यात एक म्हातारी वाकून आत आली. तिला काही ठाऊक नसावं. "पावशेर साखर दे बाबा." दिली. मग कुणी काडेपेटी मागितली, कुणी पोहे. सुतकात तराजूला हात लावला म्हणून तुम्ही बोललात, ते बरोबरच होतं. पण खरं सांगू? ते चार तास बरं वाटलं. तिकडं ही सात महिने उंबऱ्याबाहेर पडली नाही. तुम्ही मला खंबीर म्हणालात आणि तिला "अजून सावरली नाही" म्हणालात. तिच्यासमोर त्याचं नाव घ्यायचं टाळलंत. ती त्याच नावासाठी बसून होती.

माझी भाची मानसशास्त्र शिकली आहे. दुःखाच्या पाच पायऱ्या सगळेच सांगतात, पण कुबलर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी 1969 साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांशी बोलून नव्हे, असं ती म्हणाली. 1999 साली नेदरलँड्सच्या स्ट्रोबे आणि शूट या दोघांनी वेगळं मांडलं म्हणे: माणूस घटकाभर दुःखात असतो, घटकाभर रोजच्या कामात, आणि या दोन्हींत ये-जा करत राहतो. ऐकून वाटलं, कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. मग वाटलं, सोयीचं आहे म्हणून पटतंय. माझी जा तेवढी झाली, ये झालीच नाही. आणि हिचं उलटं.

बूट घाटावर नेले नाहीत. गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवले.

हिला खोटं सांगितलं ते आजवर कबूल केलेलं नाही. तिथं पंचवीस-तीस माणसं होती, एकानं तरी घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, आणि त्या बायकोनं हिला. हिनं कधी विषय काढला नाही. मीही नाही.

गेल्या पावसाळ्यात बुटांना बुरशी धरली होती. दिवाळीआधी कप्पा उघडला तर पुसून स्वच्छ, नाड्याही धुतलेल्या. दुकानाची दुसरी किल्ली घरात खुंटीला असते.