शनिवारच्या गाडीची गर्दी कागदावर आणताना : माझा अनुभव

माझे माहेर साताऱ्याचे आणि घर सांगलीत, त्यामुळे आईकडे जाण्यासाठी शनिवारची सकाळची गाडी मला अनेक वर्षांपासून परिचयाची आहे. रेल्वेने हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे आणि एरवी जनरल डब्यात बसायला जागा मिळते. मात्र पाऊस स्थिरावला की दिवाळीपर्यंत शनिवार-रविवारचे चित्र पालटते. कासचे पठार, ठोसेघरचा धबधबा आणि महाबळेश्वर यांसाठी साताऱ्याला उतरणारे पर्यटक, त्यांच्यापुढे जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला निघालेली कुटुंबे आणि सुट्टीला गावी जाणारे विद्यार्थी हे सगळे एकाच गाडीच्या मोजक्या जनरल डब्यांत शिरतात. कराडच्या पुढे दारातून आत जाणे वयस्कर माणसाला जवळजवळ अशक्य होते. कासला गर्दी आवरण्यासाठी ठरावीक वेळेची आगाऊ नोंदणी करावी लागते, त्यामुळे गाडी तास-दीड तास लेट झाली तर नोंदणी केलेल्या कुटुंबाची वेळच निघून जाते. साताऱ्याचे स्थानक माहुलीला, म्हणजे शहरापासून काही अंतरावर असल्याने तेथून पुढे रिक्षा किंवा एसटी गाठण्यात आणखी वेळ जातो तो वेगळाच.

याबद्दल काही करावे असे आम्हा नेहमीच्या प्रवाशांना वाटले, तेव्हा आमच्यातील एका निवृत्त गार्डकाकांनी (आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात) एक गोष्ट नीट समजावून सांगितली आणि पुढचे सगळे काम त्याच समजुतीवर उभे राहिले. गर्दी आणि विलंब या दोन तक्रारी नाहीत, ती एकच तक्रार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जनरल डबे बहुतेक गाड्यांना पुढे आणि मागे, अगदी टोकांना जोडलेले असतात, तर प्रवासी फलाटाच्या मध्यभागी, जिन्याजवळ आणि छपराखाली उभे राहतात. गाडी आली की दोन्ही टोकांकडे धावाधाव सुरू होते. दोन मिनिटांचा थांबा असतो, पण दाराला माणसे लटकलेली असताना गार्डला हिरवा झेंडा दाखवता येत नाही आणि थांबा लांबतो. तेव्हा पुणे-मिरज मार्गाचे दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने चालू होते. जेथे रूळ अजून एकेरीच होता, तेथे आपली गाडी उशिरा पोहोचली की समोरून येणाऱ्या गाडीशी होणारे क्रॉसिंग दुसऱ्या स्थानकावर सरकत असे, मग कधी ताकारीला तर कधी रहिमतपूरला आपली गाडी लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, उभी राहत असे, आणि मागच्या स्थानकांवर जमलेली गर्दी तेवढ्या वेळात आणखी वाढत असे. म्हणून ‘नवी गाडी द्या’ अशी एका ओळीची मागणी करण्यापेक्षा कोणत्या स्थानकावर किती मिनिटे गेली आणि का गेली, हे आकड्यांनी दाखवणे आवश्यक होते.

आकडे मिळवण्यासाठी आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. रेल्वे केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे हा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर दहा रुपये शुल्क भरून घरबसल्या करता येतो. मजकुराला ३,००० अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे प्रश्न आटोपशीर लिहावे लागतात. कार्यालयाकडे नोंद म्हणून असलेली माहितीच मागता येते, मत किंवा खुलासा मागता येत नाही. म्हणून ‘गाडी रोज उशिरा का येते’ असे न विचारता अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शनिवारी आणि रविवारी सांगली, कराड व सातारा येथे या गाडीच्या येण्याची व सुटण्याची प्रत्यक्ष वेळ काय होती, असे आम्ही विचारले. मधल्या स्थानकांची नावे मुद्दाम घातली. वक्तशीरपणाची टक्केवारी गाडीच्या शेवटच्या स्थानकावरून ठरते आणि वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात थोडा मोकळा वेळ राखलेला असतो, त्यामुळे साताऱ्याला चाळीस मिनिटे लेट आलेली गाडीही अखेरच्या स्थानकावर जवळपास वेळेवर दिसू शकते.

दुसरा प्रश्न अनारक्षित तिकिटांच्या विक्रीचा होता. खिडकी, स्वयंचलित यंत्र आणि मोबाइल ॲप अशी तिन्हींची वेगवेगळी संख्या आम्ही मागितली. दोनशे किलोमीटरच्या आतले अनारक्षित तिकीट त्याच दिवशी काढून तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो, त्यामुळे सांगली-सातारा तिकिटांची त्या सकाळची विक्री बऱ्याच अंशी त्याच गाडीची गर्दी दाखवते. तरीही ही संख्या खऱ्या गर्दीपेक्षा कमीच भरणार हे आम्हाला ठाऊक होते, कारण मासिक पासधारक रोज तिकीट काढत नाहीत आणि पाच वर्षांखालील मुलांचे तिकीट लागत नाही.

तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले. तिकिटांची माहिती मिळाली, पण वेळांच्या बाबतीत ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे एका ओळीत कळवले होते. अशा उत्तरानंतर अनेक जण थांबतात, आणि तेथेच काम अडते असे माझे मत झाले आहे. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिले अपील करता येते आणि त्याला शुल्क नाही. अपिलात आम्ही संकलनाचा आग्रह सोडला आणि मूळ नोंदी पाहू द्याव्यात एवढेच मागितले, कारण कायद्याने अभिलेखांची पाहणी हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे. पहिला तास विनाशुल्क आणि पुढे तासाला पाच रुपये, इतकाच त्याचा खर्च. ती परवानगी मिळाली.

स्टेशन मास्तरांच्या खोलीत ट्रेन सिग्नल रजिस्टरचे जुने खंड कपाटातून काढून टेबलावर ठेवले गेले. ‘ताई, रजिस्टर बाहेर नेता येणार नाही, इथेच बसून उतरवून घ्या,’ असे सांगून त्यांनी खुर्ची पुढे केली. लांबट पानांवर प्रत्येक गाडीसाठी एक ओळ होती. लाइन क्लिअर (पुढच्या स्थानकाकडून गाडी सोडण्याची परवानगी) कधी मागितली, कधी मिळाली, गाडी कधी आली आणि कधी सुटली, हे सारे बॉलपेनने मिनिटासह नोंदलेले होते आणि पाळी बदलली की खाली सही होती. मी आणि गार्डकाका एकेका शनिवारची ओळ शोधून वहीत उतरवत गेलो. सोमवार ते शुक्रवार दोन मिनिटांत सुटणारी गाडी हंगामातील शनिवारी त्याच फलाटावर कितीतरी अधिक वेळ उभी राहिली होती, आणि त्याच दिवशी पुढचे क्रॉसिंग सरकल्याचेही त्याच पानांवरून ताडता येत होते. गर्दी आणि विलंब यांचे जे नाते आम्ही तोंडी सांगत होतो ते आता रेल्वेच्याच हस्ताक्षरात समोर होते.

दरम्यान काही तरुण प्रवाशांनी फलाटावर मोजणी केली. पुठ्ठ्यावर जनरल डब्यांच्या प्रत्येक दारासाठी एक रकाना आखून चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणांनी चढलेले, उतरलेले आणि चढू न शकलेले प्रवासी त्यांनी वेगळे नोंदले. चढू न शकलेल्यांचा आकडा तिकीट विक्रीत कधीच दिसत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा होता.

निवेदन देताना मागण्या थोड्याच ठेवल्या. जादा डबा मागणे सोपे असले तरी देणे अवघड असते. एकच रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला संच, फिरून दुसऱ्या गाड्यांसाठीही वापरला जातो, त्यामुळे एका गाडीला डबा वाढवला की त्या साखळीतल्या सगळ्या गाड्यांना तो लागतो, आणि फलाटाची व लूपची लांबीही पाहावी लागते. म्हणून आम्ही सुचवले की दिवसा धावणाऱ्या या गाडीचा एक स्लीपर डबा हंगामातील शनिवार-रविवारी मिरज ते सातारा या टप्प्यात अनारक्षित प्रवाशांना खुला करावा. दक्षिण रेल्वेत काही गाड्यांचे स्लीपर डबे ठरावीक टप्प्यांत असे खुले ठेवले जातात, हे उदाहरण आम्ही जोडले. दुसरी मागणी बिनखर्चाची होती. गाडी येण्यापूर्वी जनरल डबे फलाटावर नेमके कोठे थांबतील याची उद्घोषणा व्हावी आणि त्या जागी खुणेचे फलक लावावेत, म्हणजे धावाधाव टळेल. निवेदनाची पोच आवक क्रमांकासह घेतली आणि एक प्रत विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीच्या एका सदस्यांकडे दिली. बैठकीत विषय त्यांनी मांडला तर त्याचे उत्तर इतिवृत्तात येते आणि पुढच्या वेळी त्याचा आधार घेता येतो.

उद्घोषणा सुरू झाल्या, आणि माणसे आधीच दोन्ही टोकांना जाऊन उभी राहू लागल्यामुळे चढताना होणारी रेटारेटी स्पष्टपणे कमी झाली. डबा खुला करण्याची मागणी ‘विचाराधीन’ असल्याचे लेखी उत्तर आले आहे, त्यावर पाठपुरावा चालू आहे. रविवारच्या संध्याकाळी साताऱ्याहून परतणाऱ्या गाडीची अवस्था याहून कठीण असते. तिची मोजणी आता सातारा आणि कराडचे प्रवासी त्याच पुठ्ठ्याच्या पद्धतीने करत आहेत. त्या नोंदी हाती आल्या की दुसरा अर्ज जाईल, आणि या वेळी रजिस्टरच्या पाहणीची मागणी आम्ही पहिल्याच अर्जात करणार आहोत, म्हणजे अपिलात जाणारे महिने वाचतील.